‘ड’ वर्गातले कागद

सकाळी चूळ भरायला मागच्या पडवीकडे निघालेल्या हरिश्चंद्र नागवेकरच्या डाव्या टाचेत सुई शिरली, आणि बायको चार दिवसांसाठी देवरुखला गेलेली असल्यामुळे बोंबलायचं कुणाच्या नावानं हे न सुचून तो एका पायावर गप्प उभा राहिला. मग भिंतीला धरत खाटेपर्यंत आला, टाच मांडीवर घेतली आणि सुई उपसली. बारीक, लांबट नेढ्याची सुई. मागे वीतभर लाल रेशीम लोंबतंय. त्यानं टाच दाबून पाहिली. रक्ताचा एक थेंब कसाबसा आला आणि तोही लगेच सुकला. एवढ्याशा रक्तावर भांडण उभं राहत नाही. शिवाय कमळा इथं असती तर तिनं आधी सुई हातात घेऊन बघितली असती, वाकली का म्हणून, टाच नंतर. याची त्याला इतकी खात्री होती की ती समोर नसतानाही त्याला तिचा राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं. दोन दिवस घरात रागवायलाही कुणी नव्हतं.

खाटेवर बसल्या बसल्या त्याला घरभर पसरलेला तो पसारा दिसत होता. खिडकीत लाकडी रिंगा एकावर एक रचलेल्या, लहान मुलांच्या चकत्या-चकत्यांच्या खेळण्यासारख्या. बिस्किटांच्या डब्यात रेशमाच्या लडी. खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीत सुया. बशीत मेणाचा खडा, त्याच्यावर दोरा ओढून ओढून पडलेल्या चिरा. पितळी अंगुस्तान, चिमणीच्या चोचीची कात्री, आणि कोनाड्यात, कपाटावर, खाटेखालच्या ट्रंकेत कागदच कागद. फुलं, वेली, मोर, कोयऱ्या. पन्नाशी ओलांडलेली बाई मोर घेऊन बसते आणि वर त्याला काम म्हणते. काम! हरिश्चंद्रनं जिल्ह्याच्या कचेरीत अभिलेख शाखेत जन्म काढला होता. तिथं कागद म्हणजे कागद असतो. त्याला वर्ग असतो. ‘अ’ वर्ग म्हणजे कायमचा. जमिनीचे निकाल, हद्दी, नकाशे. ‘ब’ आणि ‘क’ ठरावीक वर्षं सांभाळायचे. आणि ‘ड’ म्हणजे वर्षभरानं जाळायचा. कुठला कागद कुठल्या वर्गात जातो हे तो नुसता हात लावून सांगत असे. साहेब यायचे आणि जायचे, त्यातल्या कित्येकांना आपण मागतो तो कागद कशाचा हेही ठाऊक नसायचं. पण हरिश्चंद्र दाभण आणि दोरा घेऊन बसायचा, कागदांना भोकं पाडून शिवायचा, लाल रुमालात बांधून फळीवर ठेवायचा, आणि मागितल्याबरोबर काढून द्यायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी रस्त्यात कुणी त्याला काही मागायला आलं नाही, हा लोकांचा नालायकपणा होता.

आणि आता ही भरतकामाचं दुकान काढणार होती. रमझान ईद झाली की, धनजी नाक्याजवळच्या एका खोलीत, त्या पडवीत येऊन बसणाऱ्या बिल्किसबरोबर. बिल्किसचा मुलगा जुनेद दोहाला, तिची सून हुदा माहेरी बाळंतपणाला, घरात बाई एकटी. तिचं ठीक होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पण कमळाला काय कमी होतं? दोन वेळचा स्वयंपाक, दुपारी पडवीत बसून चार बायकांना टाके शिकवणं, एवढं पुरत नव्हतं का? ईदनंतर लग्नं लागतात, म्हणाली होती. ओढण्या, चादरी, रुखवताचे रुमाल. मागणी भरपूर आहे, आमच्याकडं जे नमुने आहेत ते अख्ख्या रत्नागिरीत कुणाकडं नाहीत. ‘आमच्याकडं’ म्हणताना तिनं बिल्किसकडं पाहिलं होतं. हरिश्चंद्र तिथंच खुर्चीत पेपर धरून बसला होता. त्यानं विचारलं होतं, “आणि माझा चहा?” बायका हसल्या. चांगल्या मोकळेपणानं हसल्या, त्यानं विनोद केल्यासारख्या. विनोद त्यानं केलेलाच नव्हता. दुपारी तीन वाजता या घरात एकट्यानं जागं होण्याची त्याला भीती वाटत होती, सरळ भीती. आणि ही गोष्ट बायकोला सांगण्यापेक्षा चहाची तक्रार करणं सोपं होतं.

भरतकामाशी त्याचं वैर जुनं. लग्न झालं तेव्हा रुखवतात उशांचे अभ्रे होते, कोपऱ्यात गुलाबांचे घोस, पाकळ्या म्हणजे गाठीच्या टाक्यांचा नुसता खच. पहिले काही महिने तो त्यावरच झोपला, नवी बायको, नवा अभ्रा. एक दिवस डोळा उशिरा उघडला, घाईघाईनं तोंड खंगाळून तो कचेरीत गेला, आणि शेजारच्या मेजावरचा महिपत त्याच्या गालाकडं बघत राहिला, बघत राहिला, आणि मग सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं म्हणाला, “नागवेकर, गालावर गुलाब फुललाय की हो!” शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे येऊन बघून गेले. गालावरचा ठसा दुपारपर्यंत गेला नाही. बोटानं चाचपलं की चामडीत खळगे लागत होते, एकेक गाठ मोजून घ्यावी असे. त्या रात्री त्यानं अभ्रा उलटा करून घातला आणि तिच्या डोळ्यांदेखत घातला. पुढं कमळानं त्याच्या उशीला साधे पांढरे अभ्रे शिवले, आणि त्याच्या वाटणीच्या कुठल्याही कपड्यावर, रुमालावरसुद्धा, पुन्हा कधी टाका घातला नाही. शेजारपाजाऱ्यांच्या झबल्यांवर बदकं पोहत होती. याच्या रुमालाला नुसती शिलाई. त्याला वाटलं, आपण जिंकलो. तीस वर्षं तो असंच समजून चालला होता, आणि त्यात त्याला समाधान का मिळालं नव्हतं, हे मात्र त्याला कधी नीट उलगडलं नाही.

तर सुई उशीवर टोचून ठेवताना त्याच्या मनात आलं, की लावूनच टाकू हे एकदाचं. ती यायला अजून दोन दिवस आहेत. देवरुखला भाचीच्या, सानिकाच्या, रुखवताचं उरलेलं काम उरकून शुक्रवारी दुपारच्या एसटीनं ती यायची होती. तोवर सगळे नमुने लावलेले, बांधलेले, वर चिठ्ठ्या डकवलेल्या. मग बघू दे तिला काम कशाला म्हणतात. बघू दे तिच्या त्या भागीदारणीला. बायकांना कागद सांभाळता येत नाहीत. त्या कागदाची घडी घालतात, त्यात हळकुंड बांधतात, नाहीतर फळीवर अंथरतात. दुकान घालायचं म्हणे! हवा तो मोर सापडायला यांना दुपार लागेल आणि गिऱ्हाईक तोवर मुंबईला पोचेल. मनातल्या मनात असं बोलत तो चहा न घेताच कामाला लागला, आणि किती महिन्यांनी त्याच्या बोटांना चव आली.

त्यानं ट्रंक ओढून काढली, सगळे कागद जमिनीवर ओतले आणि मधोमध मांडी घालून बसला. वर्गवारी. छापील पुस्तकं, मासिकांतून कापलेली रंगीत पानं, जाड गुळगुळीत कागदावरचे विकत आणलेले नमुने, हा ‘अ’ वर्ग. छापलेलं ते छापलेलं. तिनं स्वतः पेन्सिलीनं काढलेली, खाडाखोड केलेली चित्रं ‘ब’. किराणाच्या पाकिटांवर, पत्रिकांच्या मागे गिरवलेली चिटुरकी ‘क’. मग ‘अ’चे पोटभाग: फुले, पाने, पक्षी, इतर. हत्ती इतरमध्ये गेला. एका पानावर वेल होती आणि वेलीत पोपट होता. पोपट मुख्य की वेल मुख्य यावर त्यानं बराच वेळ घालवला, आणि तो वेळ फार सुखाचा गेला. पुठ्ठे कापायला हाताशी चोचीची कात्री होती. ती पुठ्ठ्यात अडकली, करकरली, तिचं टोक किंचित फाकलं. चांगल्या कात्रीला पुठ्ठा कापता येऊ नये म्हणजे ती कात्री कसली! दाभण त्यानं स्वतःचं काढलं, माळ्यावर ठेवलेलं, कचेरीतून येताना पिशवीत आलेलं. दोरा संपल्यावर लाल रेशमाच्या लडी सोडवल्या आणि त्यांचे पदर एकत्र वळून गठ्ठे आवळले. लाल म्हणजे लाल. एका पांढऱ्या कापडाचे चौकोन फाडून रुमाल केले. संध्याकाळपर्यंत खोलीच्या भिंतीला गठ्ठ्यांची रांग लागली, आणि प्रत्येकावर त्याच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी.

ट्रंकेच्या तळाशी उरलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाहेर काढलं. हात लावल्याबरोबर त्याला शिसारी आली. पातळ, आरपार दिसणारे कागद, तेलकट, रॉकेलच्या वासाचे, त्यांच्यावर निळ्याकाळ्या डागांची पुटं. आणि उजेडात धरले तर नुसती भोकं. बारीक बारीक, असंख्य. वाकड्या रेघांनी, वळशांनी भोकं खात गेली होती, इकडून तिकडं, तिकडून इकडं. कसर! अभिलेखात त्यानं कसरीशी हयातभर झुंज घेतली होती. ही जात एका गठ्ठ्यात शिरली की शेजारचे दहा खाऊन मोकळी होते, तिथं दयामाया उपयोगाची नाही. आणि हिनं काय केलं, तर कसर लागलेले कागद जपून, गुंडाळ्या करून, चांगल्या कागदांच्या खाली वर्षानुवर्षं ठेवले! स्टोव्ह पुसून ठेवलेले दिसतात, वासावरून तरी. त्याला हसूच फुटलं. ही बाई रत्नागिरीत कुणाकडं नाहीत असे नमुने घेऊन दुकान घालणार आहे, आणि ट्रंकेच्या बुडाला किड्यांना पोसते आहे. एकटाच असल्यामुळे तो मोठ्यानं हसला. तरी एक कागद त्यानं पुन्हा उजेडात धरला. भोकांची वळणं क्षणभर ओळखीची वाटली, ओढणीच्या काठासारखी काहीतरी, गलबताच्या शिडासारखं काहीतरी. पण ढगातही माणसाला काय काय दिसतं. ‘ड’ वर्ग. त्यानं चिठ्ठी लिहिण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

डिसेंबरची सकाळ होती, मांडवीकडून गार वारा येत होता आणि अंघोळीला पाणी तापवायचंच होतं. मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. त्यानं एकेक गुंडाळी बंबाच्या नळीत सोडली. रॉकेल प्यायलेले कागद; भडकन पेटले. करवंट्या लागल्या नाहीत, चिपाटं लागली नाहीत. जळताना कागद आधी उलगडायचा, पसरायचा, आणि जळून काळा होण्याआधी त्यातल्या प्रत्येक भोकातून उजेड यायचा. छान दिसत होतं ते. तो उकिडवा बसून शेवटची गुंडाळी संपेपर्यंत बघत राहिला. मग कढत पाण्यानं, अंगाची कातडी लाल होईपर्यंत, भरपूर अंघोळ केली. अंगावर पाणी घेताना नोकरीत असताना रविवारी वाटायचं तसं वाटत होतं: काम उरकलेलं आहे, आणि उरकल्याचं कुणीतरी पाहणार आहे.

शुक्रवार उजाडेपर्यंत मात्र वेळ जाता जाईना. गठ्ठ्यांसमोरून तो येरझाऱ्या घालत राहिला. चिठ्ठ्या थोड्या तिरक्या वाटल्या, त्या सरळ केल्या. कमळा आत येईल, पिशवी ठेवील, बघील. मग काय म्हणेल? ‘अगोबाई’ म्हणेल. नाही, ‘अगोबाई’ ती त्याला उद्देशून कधीच म्हणत नाही. काहीच न बोलता चहा टाकील, पण चहात आलं घालील, तेवढंही चालेल. आपण तिच्या तोंडून दोन शब्द ऐकायला आसुसलोय हे लक्षात आल्यावर तो स्वतःवरच उखडला. कशासाठी? मोरांच्या वर्गवारीसाठी? पण आतून काहीतरी म्हणत होतं की कदाचित ती म्हणेल, दुकानात तुम्हीही या, कागद तुम्ही बघा. आणि तो नाही म्हणेल. दोन-तीनदा नाही म्हणेल. मग जाईल.

दुपारी फाटक वाजलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. पण आली बिल्किस, हातात मोठी कापडी पिशवी, डोक्यावरचा पदर सावरत.

“भाऊ, ताई नाय आली अजून? बोलली व्हती, शुक्रवारी खाके घेऊन जा म्हणून. उद्या ओढनी छापायची हाय, त्या आयात पोरीच्या निकाची. तिच्या घरच्या लोकांचा सारका निरोप येतो.”

“येईलच एवढ्यात. ये ना, आत ये,” हरिश्चंद्र म्हणाला. या बाईला त्यानं इतक्या वर्षांत ‘आत ये’ म्हटलेलं नव्हतं. तिलाही ते नवं वाटलं असावं, ती उंबऱ्याशी अडखळली. त्यानं हात लांब करून भिंतीकडं दाखवलं. “बघ.”

बिल्किसनं बघितलं. वाकून एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. “या अल्ला,” ती हसून म्हणाली, “कचेरीच झाली की घराची! बरां केलांत, भाऊ. पुस्तकं इकडं तिकडं व्हायची नायतर.” लाल गाठींवर तिचं बोट फिरलं, रेशीम ओळखून थबकलं. मग तिनं ट्रंकेत डोकावलं. ट्रंक स्वच्छ पुसलेली होती, तळाला नवा पेपर अंथरलेला. “आनी खाके खंय ठेवलेत?”

“कसले खाके?”

“ते हो, पातळ कागदावरचे. गुंडाळ्या. भोकांचे.”

“ते!” तो म्हणाला. इथं त्याचा आवाज थोडा चढला, कारण आपल्या सगळ्या कामातला हा भाग समजायला जरा अवघड आहे आणि तो समजावून द्यायला आपणच हवे, असं त्याला वाटलं. “कसर लागली होती त्यांना. चाळण झाली होती नुसती. मी वेळेवर बघितलं म्हणून, नाहीतर ही तुमची पुस्तकंही गेली असती. जाळून टाकले.”

फाटक पुन्हा वाजलं होतं, ते त्याला ऐकू आलं नव्हतं. कमळा पिशवी घेऊन दारात उभी होती. बिल्किस तिच्याकडं वळली आणि एखाद्या मुलीसारखी रडायलाच लागली. “ताई, ह्यांनी खाके जाळलेनी गो! सगळे! माज्या सासूचो पूर्णगडचो काठ त्यात व्हतो. आता कोन काढून देनार? ती मेली आता, कोन देनार?” आणि मग हरिश्चंद्रकडं वळून, रडता रडता, पण समजावणीच्या सुरात, कारण तो खरंच समजत नाही हे तिला दिसत होतं, “कसर नाय ती, भाऊ. सुई हाय. आमीच टोचलाव ती भोकां. कागद कापडावर ठेवायचा, रॉकेलात नीळ कालवायची, बोळा फिरवायचा, का भोकातून खाली नक्षी उतरते. एकेक भोक बसून टोचलंला हाय. तुमच्याच पडवीत बसून.”

हरिश्चंद्रनं कमळाकडं पाहिलं. त्याचं उत्तर तयार होतं. मला कुणी सांगितलं होतं? घरात माणूस आहे की खांब? पसारा कुणाचा, सुई कुणाच्या पायात गेली? ती काय ओरडेल त्याप्रमाणं यातलं कुठलं आधी टाकायचं एवढंच उरलं होतं. तिनं ओरडायला हवं होतं. तो अक्षरशः तिच्या ओरडण्याची वाट बघत होता. तिच्या तोंडावर एसटीची धूळ होती, कपाळाला केस चिकटले होते. ती गठ्ठ्यांच्या रांगेवरून नजर फिरवत गेली. फुले, पाने, पक्षी, इतर. फाकलेल्या टोकाची कात्री पुठ्ठ्यांच्या कपच्यांत पडली होती, ती तिनं उचलली, उघडून मिटून बघितली आणि पदरात पुसून ठेवली. मग चपला न काढताच ती मागच्या पडवीत गेली. बंबाची राख उकरल्याचा आवाज आला, थोडा वेळ आला आणि थांबला. परत आली तेव्हा तिची बोटं काळी होती.

“रडू नको गो,” ती बिल्किसला म्हणाली. “बस. आठवतंय तेवढं काढू. तुझ्या सासूचा काठ मला निम्मा येतो, निम्मा तुला येत असेल.”

“सगळा नाय येनार, ताई.”

“सगळा नाही येणार.” तिनं पातळ कागदाची सुरळी फडताळातून काढली, घोंगडीची घडी जमिनीवर टाकली, आणि त्यावर कागद पसरून दोघी समोरासमोर बसल्या. दुकानाचं कुणी बोललं नाही. ईद तीन दिवसांवर होती. हरिश्चंद्र भिंतीशी उभा होता, त्या दोघींच्या आणि गठ्ठ्यांच्या मध्ये, आणि त्याला कुणी बाजूला हो म्हणत नव्हतं. वळसा घालून त्या हवं ते घेत होत्या.

“अगो, मला वाटलं...” त्यानं सुरुवात केली.

कमळानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत त्यानं राग शोधला, पाणी शोधलं, काहीही चाललं असतं. तिथं नुसती जुनी, सवयीची सहनशीलता होती, ज्याच्याकडून काही अपेक्षाच उरलेली नाही अशा माणसासाठी ठेवलेली. ती सहनशीलता आज आलेली नव्हती. ती किती वर्षं तिथं होती याचा हिशेब करायचं धैर्य त्याला झालं नाही.

“गार झालं नाही ना?” तिनं विचारलं, अगदी हळू, पाहुण्याला विचारावं तसं. “अंघोळीचं पाणी. नीट तापलं होतं?”

हरिश्चंद्रनं एकदा बिल्किसकडं पाहिलं. ती खाली मान घालून दोरा नसलेली सुई बोटांत धरून बसली होती, कुठून सुरुवात करावी ते आठवत.

“तापलं,” तो म्हणाला. “चांगलं तापलं होतं.”